जुना गळा, दुसऱ्यांची गाणी: कव्हर अल्बम येण्याआधीचा गृहपाठ

सत्तरी गाठलेला रॉक गायक जाहीर करतो की पुढच्या अल्बममध्ये त्याचं स्वतःचं एकही गाणं नसेल, सगळी दुसऱ्यांची. लगेच चाहत्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, सुचायचं बंद झालं वाटतं. दुसरा म्हणतो, आता खरा गळा कळेल. अजून दोघांनीही एक सूर ऐकलेला नसतो.

मराठी कानाला हा प्रकार परका नाही. संगीत नाटकातलं एकच पद चार गळ्यांतून ऐकून त्यावर पहाटेपर्यंत वाद घालणारी आपली माणसं. कुमार गंधर्वांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ सादर केलं तेव्हा श्रोत्यांच्या डोक्यात बालगंधर्वांच्या तबकड्या आधीपासून वाजत होत्या, म्हणूनच त्या ‘उमजलेले’ला अर्थ होता. कव्हर अल्बमचंही तेच. मूळ कानात नसेल तर हाती अर्धाच अल्बम लागतो. तेव्हा घोषणा आणि प्रकाशन यांच्या मधला काळ नुसता वाट बघण्यात घालवू नये.

उदाहरणाला अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘ओन्ली द स्ट्राँग सर्व्हाइव्ह’ घेऊ. घोषणा २९ सप्टेंबर २०२२ ला, अल्बम ११ नोव्हेंबरला. गायकाचं वय ७३, गाणी १५, सगळी सोल परंपरेतली, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांनी घडवलेल्या शैलीतली. मध्ये ४३ दिवस. पुढचा गृहपाठ तेवढ्या वेळात रोज अर्धा तास देऊन आरामात होतो, आणि उद्या दुसऱ्या कुणाचा असा अल्बम जाहीर झाला तरी पद्धत हीच.

वहीत पाच रकाने

गाण्यांची यादी बाहेर आली की वहीत पाच रकाने आखा: गाणं, लिहिणारे, पहिलं ध्वनिमुद्रण, गाजलेलं ध्वनिमुद्रण, आणि नवा गायक यातलं कोणतं समोर ठेवून गातोय. शेवटचा रकाना आत्ता रिकामाच राहू दे.

तिसरा आणि चौथा रकाना वेगळे ठेवायचं कारण असं की गाजलेलं म्हणजे मूळ, ही समजूत हमखास फसवते. ‘द सन एन्ट गॉना शाइन एनीमोर’ म्हटलं की लोकांना वॉकर ब्रदर्स आठवतात, १९६६ साली ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं. पण १९६५ मध्येच फ्रँकी व्हॅलीनं ते गायलं होतं आणि फारसं चाललं नव्हतं. ‘डोन्ट प्ले दॅट साँग’ बेन ई. किंगचं, १९६२ चं. १९७० मध्ये अरीथा फ्रँकलिननं ते असं उचललं की पुष्कळांना ते तिचंच वाटतं. स्प्रिंगस्टीनच्या अल्बमचा शेवट ‘समडे वुई’ल बी टुगेदर’नं होतो. ते मुळात १९६१ चं, जॉनी आणि जॅकी या जोडीचं. जगाला माहीत आहे ते डायना रॉस अँड द सुप्रीम्सच्या नावावरचं, १९६९ चं.

या शेवटच्या गाण्यापाशी जरा थांबा. त्या १९६९ च्या तबकडीत रॉसच्या ओळींच्या मागून एक पुरुषी आवाज तिला साद घालत राहतो. तो निर्माता जॉनी ब्रिस्टल, म्हणजे १९६१ च्या जोडीतलाच जॉनी. नाव सुप्रीम्सचं असलं तरी उरलेल्या दोघी त्या ध्वनिमुद्रणात नाहीतच, साथीचे आवाज दुसऱ्या गायिकांचे आहेत. आता विचार करा: हेच गाणं एक म्हातारा पुरुष गाणार असेल तर ती साद कोण देणार? की ती सादच मुख्य गाणं होणार? असे प्रश्न अल्बम येण्याआधी डोक्यात असले, की पहिल्याच ऐकण्यात कान योग्य जागी टवकारतो.

माहिती शोधायला सेकंडहँडसाँग्स हे संकेतस्थळ सगळ्यात सोयीचं; एका गाण्याची सगळी रूपं तारखेच्या क्रमानं मिळतात. तबकडीचं लेबल, साल, मागची बाजू हवी असेल तर डिस्कॉग्स. दोन्हींवर माहिती चाहतेच भरतात, म्हणून साल दोन्हीकडे जुळलं तरच वहीत पेननं लिहा. नाहीतर पेन्सिल.

मूळ म्हणून भलतंच ऐकू नका

सगळ्यात जास्त लोक इथे घसरतात. साठच्या दशकातल्या अनेक गायकांनी आपलीच गाजलेली गाणी पुढे दहा-वीस वर्षांनी छोट्या कंपन्यांसाठी पुन्हा गायली, कारण मूळ ध्वनिमुद्रणाचे हक्क त्यांच्याकडे नव्हते. स्ट्रीमिंगवर गायकाचं नाव तेच, गाण्याचं नाव तेच, मुखपृष्ठावर तरुणपणचा फोटो, आणि आत मात्र सिंथेसायझर आणि थकलेला आवाज. या नकलेशी नव्या अल्बमची तुलना केली तर निष्कर्ष उलटाच निघेल.

ओळखायच्या खुणा: नावापुढे बारीक अक्षरात ‘री-रेकॉर्डेड’ आहे का, तळाशी हक्क मूळ लेबलच्या आजच्या मालकाचे आहेत की कुणा अनोळखी कंपनीचे, आणि लांबी. साठच्या दशकातली एकेरी तबकडी (सिंगल) बहुधा अडीच ते तीन मिनिटांची असे. तुमच्याकडचं चार मिनिटं चाललं तर संशय घ्या. ढोल-झांजांचा आवाज फार स्वच्छ, फार रुंद वाटला तरीही.

दुसरी भानगड मोनो आणि स्टिरिओची. त्या काळची एकेरी गाणी रेडिओ आणि छोट्या प्लेअरसाठी मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येईल अशी मिसळलेली असत. अनेकदा काळजीनं केलेलं मिश्रण तेच. स्टिरिओ नंतर उरकलेलं. दोन्ही मिळत असतील तर मोनो घ्या. हेडफोनवर गायक एका कानात आणि ड्रम दुसऱ्या कानात ऐकू येत असतील तर तुम्ही स्टिरिओच ऐकताय.

तिसरी, यूट्यूबवर कुणीतरी चढवलेली प्रत. हक्कांची यंत्रणा चुकवायला काहीजण वेग किंवा सूर किंचित बदलून गाणं चढवतात. पुढची मोजमापं अशा प्रतीवर केली तर सगळी मेहनत पाण्यात.

हार्मोनियम काढा

आता मुख्य काम. गायकाचं वय कुठे दिसतं? पट्टीत. वाढत्या वयात वरचे सूर आधी जातात, स्वरतंतूंची लवचीकता कमी होते, दम कमी पुरतो. म्हणून गाणं खाली आणलं जातं. किती खाली, हे अंदाजानं सांगू नये, मोजावं.

घरात हार्मोनियम असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलवरचा कीबोर्ड. गाण्याचा शेवटचा ठहराव ऐका. गाणं जिथे विसावतं, तो बहुधा षड्ज. तो सूर गुणगुणत पेटीवर शोधा आणि वहीत आपल्या पद्धतीनं लिहा: काळी चार, पांढरी पाच, जे असेल ते. नव्या रूपाचंही तेच करा. मग दोन पट्ट्यांमधल्या पायऱ्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून मोजा. समजा मूळ काळी चार आणि नवं पांढरी चार निघालं, तर गाणं तीन पायऱ्या उतरलं.

एक-दोन पायऱ्या उतरणं ही नेहमीची गोष्ट, तेवढ्यानं गाण्याचा चेहरा बदलत नाही. चार-पाच उतरल्या की बदलतो: जिथे मूळ गायक सुराला टेकायला टाचा उंचावत होता, तिथे नवा बसून गातो. हे वाईटच असं नाही. विरहाचं गाणं खाली आणलं की तक्रारीची कबुली होते. मात्र नाचायचं गाणं पाच पायऱ्या खाली गेलं तर बेस आणि आवाज एकाच जागेसाठी भांडायला लागतात आणि सगळं गढूळ ऐकू येतं.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. मूळ गायिका असेल तर पाच पायऱ्यांचा फरक वयाचा नसून स्त्री-पुरुष आवाजाचाही असू शकतो. शेवट हळूहळू विरत जात असेल तर ठहराव मिळणारच नाही, अशा वेळी ध्रुवपदाची शेवटची ओळ धरा. आणि सूर दोन पट्ट्यांच्या मधेच सापडला तर कानाला दोष देऊ नका. जुन्या टेपचा वेग तंतोतंत नसे, कधी मुद्दामही बदलत. वेग ६ टक्के वाढला की सूर एक अख्खी पायरी चढतो, ३ टक्क्यांत साधारण अर्धी. शिवाय तुमची पेटी स्वतः किती सुरात आहे हाही प्रश्न आहेच. ट्यूनरचं ॲप लावलं तर एका पायरीचे शंभर भाग करून नेमका फरक दाखवतं.

लय आणि श्वास

लय मोजायला घड्याळ लावा, पायानं ठेका धरा, ३० सेकंदांतले ठोके मोजून दुप्पट करा. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची सवय असते, पण एका ठोक्याची चूक तिथे चौपट होते. पहिल्या कडव्यात एकदा आणि शेवटच्या ध्रुवपदात एकदा मोजा. एका रूपाला ७० आणि दुसऱ्याला १४० आलं तर लय दुप्पट झालेली नाही, तुम्ही ठेका दुगुणीत धरलात.

जुन्या गाण्यांत बहुधा शेवटाकडे लय किंचित चढलेली सापडेल. माणसं एका खोलीत बसून वाजवत, रंगात आली की पुढे सरकत. आज क्लिक, म्हणजे यंत्राचा ठरावीक ठोका, कानात घालून वाजवतात, लय शेवटपर्यंत हलत नाही. नवं रूप ‘यंत्रासारखं’ का वाटतं, याचं कारण निम्म्या वेळा गायकात नसून इथे असतं. स्प्रिंगस्टीनच्या या अल्बममध्ये बहुतेक वाद्यं निर्माता रॉन ॲनिएलोनं एकट्यानं, एकावर एक थर चढवत वाजवली आहेत. यादीतली बरीच मूळ गाणी मोटाउन या कंपनीची, म्हणजे डेट्रॉइटच्या एका छोट्या खोलीत दाटीवाटीनं बसलेल्या वादकांची, ज्यांच्या ड्रमचा आवाज एकमेकांच्या मायक्रोफोनमध्ये सांडत असे. ती सांडलवंड एकट्या माणसाला कशी जमावी? जमत नाही, आणि अल्बमवरचा रास्त आक्षेप घ्यायचा तर तो हाच. स्प्रिंगस्टीनचा आवाज नव्हे.

श्वासाची परीक्षा सोपी आहे. एक लांब ओळ निवडा. मूळ गायक एका दमात कुठपर्यंत जातो तिथे वहीत उभी रेघ मारा. नवा कुठे श्वास घेतो तिथे दुसरी. अनुभवी गायक शब्द तोडत नाही, ओळीची फोड बदलतो, म्हणजे श्वास अर्थाच्या जागी पडतो. कच्चा गायक म्हातारपणी शब्दाच्या पोटात श्वास घेतो. वरच्या सुराच्या जागाही तपासा: तिथे सूर बदललाय, की साथीदारांनी उचललाय, की ती ओळ बोलून काढली आहे? तिन्ही जुन्या वाटा आहेत, पण पहिलीला हिंमत लागते.

हा अल्बम कोणत्या जातीचा

सगळ्या कव्हर अल्बमांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. काही मुळाला धरून चालतात, स्प्रिंगस्टीनचा तसा. काही मूळ मोडूनच काढतात. पीटर गॅब्रिएलनं २०१० च्या ‘स्क्रॅच माय बॅक’मध्ये ड्रम आणि गिटार बाजूला ठेवून सगळं ऑर्केस्ट्रावर नेलं. तिथे लयीचा तक्ता भरणं हा वेळेचा अपव्यय. काही जण भलत्याच परंपरेत शिरतात: बॉब डिलननं २०१५ मध्ये ‘शॅडोज इन द नाइट’साठी आधीच्या पिढीतल्या फ्रँक सिनात्रानं पूर्वी गायलेली दहा गाणी घेतली आणि पाच वादकांसोबत एकाच खोलीत, हेडफोन न लावता गायली. आणि काही जण पोरवयात ऐकलेल्याकडे परततात, जसा पॉल मॅकार्टनी १९९९ च्या ‘रन डेव्हिल रन’मध्ये. जॉन लेननचा १९७५ चा ‘रॉक ’न’ रोल’ वरवर त्याच जातीचा, पण त्यामागे कोर्टाचं लचांडही होतं. चक बेरीच्या गाण्याशी मिळत्याजुळत्या लेननच्या एका ओळीवरून प्रकाशक मॉरिस लेव्हीनं दावा लावला, आणि तडजोडीत लेव्हीच्या ताब्यातली काही गाणी गायचं ठरलं. गाण्यांची निवड प्रेमापोटीच असते असं नाही.

आपल्या पाचगणीशीही या वाटेचा धागा आहे. सेंट पीटर्स शाळेत द हेक्टिक्स नावाचा पोरांचा बँड परदेशी रॉक ’न’ रोल वाजवायचा, त्यात पियानोवर असलेला मुलगा पुढे क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८७ मध्ये त्यानं स्वतंत्रपणे काढलेलं ‘द ग्रेट प्रिटेंडर’ हे प्लॅटर्सचं, १९५५ चं.

पैसे कुणाला, परवानगी कुणाची

अमेरिकेत एखादं गाणं एकदा रीतसर ध्वनिमुद्रित होऊन बाजारात आलं की दुसऱ्या कुणालाही ते ठरलेला मोबदला भरून गाता येतं. लेखकाची मर्जी लागत नाही. स्वतःच्या शैलीत बसवण्याइतका बदल चालतो, पण चालीचा गाभा बदलायचा, शब्द फिरवायचे तर परवानगी हवी. म्हणून कव्हरमध्ये शब्द बदललेला दिसला की तिथे पेन्सिलीनं खूण करा, त्यामागे कुणाशी तरी बोलणं झालेलं असण्याची शक्यता मोठी. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातलं कलम ३१-क याच प्रकाराबद्दल आहे: मूळ ध्वनिमुद्रण झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबायचं, आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचा मोबदला भरायचा. ऐंशीच्या दशकातल्या, गाजलेली गाणी दुसऱ्याच गळ्यांतून विकणाऱ्या स्वस्त ‘व्हर्जन’ कॅसेटींची ज्यांना आठवण आहे त्यांना ही अट का आली ते सांगायला नको.

मोबदला गाणं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला जातो, मूळ गायकाला नाही. म्हणून दुसरा रकाना महत्त्वाचा. स्प्रिंगस्टीनच्या यादीतल्या ‘आय फरगॉट टू बी युअर लव्हर’च्या लेखकांत मूळ गायक विल्यम बेल स्वतः आहे, ‘टर्न बॅक द हँड्स ऑफ टाइम’ गाजवणारा टायरोन डेव्हिस मात्र लेखकांत नाही. ‘डू आय लव्ह यू’ १९६५ चं, लिहिणारा आणि गाणारा दोन्ही फ्रँक विल्सन. ती तबकडी तेव्हा बाजारात आलीच नाही, चाचणीच्या बहुतेक प्रती नष्ट झाल्या, आणि उरलेल्या मोजक्या प्रतींना इंग्लंडच्या नॉर्दर्न सोलच्या, म्हणजे दुर्मिळ सोल तबकड्यांवर नाचण्याच्या वेडानं सोन्याचा भाव आणला. स्प्रिंगस्टीननं घोषणेसोबत पहिलं सोडलं ते हेच गाणं. माहीतगारांना डोळा मारणं म्हणतात ते हे.

आधी सुटलेलं एखादं गाणं

घोषणेबरोबर आलेल्या गाण्यावरून अल्बम कसा असेल ते ठरवू नका. कंपनी सर्वांत चपळ गाणं आधी सोडते, प्रातिनिधिक नव्हे. त्यापेक्षा दुसरं सुटलेलं गाणं जास्त बोलतं. इथे ते ‘नाइटशिफ्ट’ होतं. कमोडोर्सचं १९८५ चं गाणं, १९८४ मध्ये गेलेल्या मार्व्हिन गे आणि जॅकी विल्सन या दोघांच्या आठवणीत. मुळात एकेका दिवंगत गायकासाठी वेगळा आवाज आहे: पहिलं कडवं वॉल्टर ऑरेंजचं, दुसरं जे. डी. निकोलसचं. स्प्रिंगस्टीन दोन्ही एकटाच गातो. त्यामुळे दोन मित्रांची शोकसभा एका माणसाच्या रात्रपाळीसारखी होते. तेच शब्द, जवळपास तीच बांधणी, पण एक आवाज कमी केला आणि गाणं दुसऱ्याच माणसाचं झालं. पाचवा रकाना भरायला इथून सुरुवात करा.

तबकडी, सीडी की नुसतं ॲप

१० जुलै २०१५ पासून नवे अल्बम जगभर शुक्रवारी येतात, आणि ॲपवर बहुतेकदा स्थानिक मध्यरात्री उघडतात. तबकडी घ्यायची असेल तर आधी एकूण लांबी बघा. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखानं मावतात. त्याहून जास्त कोंबलं की खाचा जवळ येतात, आवाजाची पातळी आणि बेस कमी करावा लागतो. पन्नास मिनिटांचा अल्बम एकाच तबकडीवर असेल तर सीडी बरी. मुंबईतल्या काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तेव्हापासून तिथे उभ्या-उभ्या ऐकून विकत घेण्याची चैन संपली. बाहेरून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा, नाहीतर तबकडीपेक्षा पार्सल महाग पडतं. श्रेयनामावलीसाठी तरी छापील प्रत कामाची. कोणत्या गाण्यात सोल गायक सॅम मूर साथीला आहे, ब्रास (ट्रंपेटसारखी फुंकवाद्यं) कुणाचा आहे, हे ॲपवर अनेकदा अर्धवट असतं.

प्रत्यक्ष दिवशी

पहिल्यांदा वही बंद ठेवा. अल्बम सलग, दिलेल्या क्रमानं, मध्ये मूळ न लावता ऐका.

दुसऱ्या दिवशी जोड्या लावा: मूळ, नवं, पुन्हा मूळ. प्लेलिस्ट करताना ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय चालू करा, कारण नवं ध्वनिमुद्रण जुन्यापेक्षा मोठ्यानं वाजतं आणि कानाला मोठं तेच चांगलं वाटतं. तबकडीवरून ऐकत असाल तर हे हातानं जुळवावं लागेल. एका बैठकीत चारच जोड्या. पाचव्या जोडीपासून कान थकतो आणि सगळंच सारखं वाटायला लागतं.

मग तीनेक आठवडे अल्बम बाजूला ठेवा. एखाद्या सकाळी भांडी लावताना यातलं एखादं गाणं आपोआप ओठांवर येईल. लगेच थांबून तो सूर पेटीवर शोधा. गाजलेली गाणी आठवणीतून गुणगुणताना पुष्कळ माणसं ध्वनिमुद्रणाच्या पट्टीच्या एक-दोन पायऱ्यांच्या आतच असतात. म्हणून ज्या गाण्यांत नवं रूप तीन किंवा जास्त पायऱ्या उतरलं आहे, त्यांच्याच बाबतीत ही चाचणी करा. वहीतल्या दोन पट्ट्यांपैकी कोणती निघाली ते बघा, आणि त्या गाण्यापुढे तारीख घाला.